बंद दाराआडचा प्रबंध

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, माणसांना व जनावरांना पिण्यासाठी किती पाणी राखायचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची, याचा निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या देखत होतो. ज्याला शंका असेल तो उठून विचारतो आणि मांडणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. याच जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी दोन वर्षे खपून प्रबंध लिहितात. त्यांतील काही प्रबंध पाण्यावर असतात, काही साखर कारखान्यातील बाष्पकांवर, तर काही पवनचक्क्यांवर. पण त्या प्रबंधांची परीक्षा कोठे होते? विभागातील एका खोलीत. समोर मार्गदर्शक, शेजारी बहिःस्थ परीक्षक, आणि बाहेर आपल्या पाळीची वाट पाहत उभे असलेले वर्गमित्र. तासाभरात निकाल लागतो, प्रबंध कपाटात जातो आणि कपाटाला कुलूप लागते.

चार इयत्ता शिकलेल्या शेतकऱ्याच्या हिशेबाने साऱ्या गावासमोर उभे राहावे आणि स्नातकोत्तर अभियंत्याच्या हिशेबाने बंद दाराआड उत्तीर्ण व्हावे, ही विसंगती कोणालाच खटकू नये, याचेच आश्चर्य वाटते. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. हा विषय त्याच्या अधिकारातला नाही, असे कोणी म्हणेल. परंतु पूल कसा बांधावा हे कळण्यासाठी अभियंता असावे लागले, तरी पूल बांधणाऱ्याची परीक्षा नीट झाली की नाही, हे विचारण्यासाठी केवळ नागरिक असणे पुरेसे असते.

चार सत्रांचा साचा

एम.ई. किंवा एम.टेक. या पदवीची रचना प्रथम समजून घेतली पाहिजे. चार वर्षांच्या पदवीनंतरचा हा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम. पहिल्या दोन सत्रांत गाभ्याचे व ऐच्छिक विषय, प्रयोगशाळा, संशोधनपद्धती आणि सेमिनार असतात. तिसऱ्या सत्रात उरलेसुरले ऐच्छिक विषय आणि प्रबंधाचा पहिला टप्पा येतो. चौथे सत्र जवळजवळ संपूर्णपणे प्रबंधाचे असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली पदव्युत्तर अभियांत्रिकीसाठी जो आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात एकूण ६८ श्रेयांक धरले आहेत. पहिल्या दोन सत्रांना प्रत्येकी १८ आणि पुढच्या दोन सत्रांना प्रत्येकी १६. त्यांपैकी प्रबंधाच्या पहिल्या टप्प्याला १० आणि दुसऱ्या टप्प्याला १६, म्हणजे केवळ प्रबंधाला २६ श्रेयांक आहेत. कोणत्याही एका लेखी विषयाला एवढे वजन नाही. अन्य विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आकडे निराळे असतील, साचा मात्र हाच.

या रचनेमागील हेतू उत्तम आहे. पदवीधर अभियंत्याला ज्ञात प्रश्नाचे ज्ञात उत्तर काढता आले पाहिजे. ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही, त्याला हात घालण्याचे सामर्थ्य स्नातकोत्तर अभियंत्यात आले पाहिजे, आणि ते आले की नाही हे ठरवण्याचे साधन म्हणजे प्रबंध. प्रबंध हा या पदवीचा प्राण आहे. म्हणूनच त्याची परीक्षा सर्वांत कडक व्हायला हवी. प्रत्यक्षात चित्र नेमके उलटे आहे.

लेखीला पहारा, प्रबंधाला मोकळे रान

लेखी परीक्षेच्या पावित्र्यासाठी विद्यापीठे केवढी यंत्रणा राबवतात, ते पाहा. प्रश्नपत्रिका गोपनीय, परीक्षागृहात पर्यवेक्षक, त्यांच्यावर भरारी पथके. उत्तरपत्रिकेवरील ओळख झाकली जाते आणि ती मूल्यांकन केंद्रावर तपासली जाते. विद्यार्थ्याला छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. तीन-चार श्रेयांकांच्या विषयासाठी एवढा बंदोबस्त! आणि ज्या प्रबंधावर सर्वाधिक श्रेयांक अवलंबून आहेत, त्याची परीक्षा घेणार कोण? ज्यांनी तो करून घेतला ते मार्गदर्शक आणि विद्यापीठाने नेमलेले दुसऱ्या महाविद्यालयातील प्राध्यापक. येथे परीक्षार्थी अनामिक नसतो आणि परीक्षकही अनामिक नसतो. आज जे बहिःस्थ परीक्षक म्हणून येतात, त्यांच्या विद्यार्थ्यांची मौखिक घ्यायला उद्या याच विभागातील कोणी जाऊ शकते. ज्या जिल्ह्याने प्रवरानगरला देशातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, त्या जिल्ह्याला सहकाराचे माहात्म्य सांगायला नको. पण गुणांचा सहकार हा सहकार नव्हे!

येथे कोणा एका महाविद्यालयावर वा प्राध्यापकावर आरोप करण्याचा हेतू नाही. रात्र रात्र जागून विद्यार्थ्यांचे प्रबंध ओळ न् ओळ तपासणारे मार्गदर्शक या जिल्ह्यात आहेत, तसेच नापसंती स्पष्ट शब्दांत नोंदवणारे परीक्षकही आहेत. परंतु व्यवस्था व्यक्तीच्या सचोटीवर सोडायची नसते. प्रामाणिक माणसाला बळ आणि अप्रामाणिकाला अडसर, असे दुहेरी काम व्यवस्थेने करायचे असते. आजची व्यवस्था यांपैकी काहीच करत नाही. प्रामाणिक परीक्षकाने प्रबंध परत पाठवला, तर त्याच्या वाट्याला कटुता येते, आणि डोळेझाक करणाऱ्याला जाब विचारणारे कोणीच नसते. कारण खोलीत काय घडले, याला साक्षीदार नाही.

यावर नियमांकडे बोट दाखवले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारित प्रबंध सादर करायचा, ४० ते ६० टक्क्यांपर्यंत असेल तर वर्षभर बंदी, आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द. नियम चांगला आहे, परंतु तो मोजतो काय? शब्दांचे साम्य. संगणकाने काढलेली टक्केवारी उसन्या वाक्यांचा माग काढते. न केलेल्या प्रयोगाचा माग ती काढू शकत नाही. आकडे मनाने भरले आणि वाक्ये स्वतःची लिहिली, तर अहवाल स्वच्छच येणार. आता तर मागाल तशी वाक्ये जुळवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहेत. साम्याची टक्केवारी हा पुरावा आता पुरावाच उरलेला नाही. प्रबंध विद्यार्थ्याने स्वतः केला का, याची खात्री पटण्याचा एकच मार्ग शिल्लक आहे. त्याला उभे करावे, जाणकारांनी प्रश्न विचारावेत आणि त्याने उत्तरे द्यावीत.

पदवी की परवाना?

हे असे का झाले, याचा विचार केला तर मूळ फार मागे सापडते. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले. लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट येथे महाविद्यालये उभी राहिली. शेतकऱ्याचा मुलगा पुण्या-मुंबईला न जाता अभियंता होऊ लागला, हे या संस्थांचे ऋण जिल्हा विसरणार नाही. पण महाविद्यालये वाढली तसे शिक्षक कमी पडू लागले. पुढे २०१० साली तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरवली. निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे एम.ई. ही पदवी अनेकांसाठी संशोधनाचे शिक्षण न राहता नोकरीचा परवाना झाली. ज्यांनी पदवीनंतर लगेच वर्गात उभे राहून शिकवायला सुरुवात केली होती, त्यांना नोकरी टिकवण्यासाठी ती हवी झाली, आणि महाविद्यालयांना मान्यता टिकवण्यासाठी असे पदवीधर हवे झाले. मागणी उभी राहिली की पुरवठा होतोच. गावोगावी पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाले. काही वर्षांत ती लाट ओसरली, जागा रिकाम्या राहू लागल्या, कित्येक अभ्यासक्रम बंद पडले. पण त्या घाईच्या काळात पडलेल्या सवयी मात्र मागे राहिल्या.

विद्यार्थ्याची अवस्थाही ध्यानात घेतली पाहिजे. ‘गेट’ ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन जो पूर्ण वेळ प्रवेश घेतो, त्याला तंत्रशिक्षण परिषदेची दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. ‘गेट’ न देता येणाऱ्याला ती मिळत नाही. ग्रामीण महाविद्यालयांत असे विद्यार्थी पुष्कळ. घरची जमीन कोरडवाहू, वडिलांच्या डोक्यावर पीककर्ज, मग मुलगा सकाळी तासिकेवर शिकवतो आणि संध्याकाळी प्रबंध लिहितो. त्याने विकतचा प्रकल्प घेतला तर त्याला दोष द्यायचा, की ज्या शहरी दुकानांतून असे तयार प्रकल्प राजरोस विकले जातात त्यांना, की ते विकत घेऊनही उत्तीर्ण होता येते अशी परीक्षा ठेवणाऱ्यांना?

आणि याची किंमत कोण मोजतो? ज्याचा प्रबंध तपासला गेला नाही, तोच उद्या प्राध्यापक होऊन दुसऱ्याचे प्रबंध तपासणार आहे. शिक्षकाच्या परीक्षेतील ढिलाई एका पिढीपुरती राहत नाही, ती चक्रवाढीने वाढत जाते. घरे, पूल, कालवे, विजेची जाळी ज्यांच्या हाती द्यायची, त्या मुलांना शिकवणाऱ्यांचा हा प्रश्न आहे.

जिल्हा हीच प्रयोगशाळा

प्रबंध कपाटात जातो, याचे आणखी एक कारण आहे. तो कोणाच्याच उपयोगाचा नसतो. परदेशी शोधनिबंध वाचायचा, त्यातील गणिती प्रारूपात एखादा घटक बदलायचा, संगणकावर आलेख काढायचा आणि निष्कर्षात थोडी सुधारणा दाखवायची, या ठरावीक वाटेने गेलेल्या प्रबंधाची वाट पाहणारा माणूस जगात कोठेही नसतो.

खरे तर संशोधनाच्या विषयांची या जिल्ह्यात वाण नाही. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. शतकाचे वय गाठलेल्या या दगडी धरणाची गळती, त्यातील गाळ, त्याच्या कालव्यांतील वहनव्यय यांवर किती प्रबंध झाले पाहिजेत! ज्या निळवंडे प्रकल्पाची कल्पना १९७० सालची, त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला २६ ऑक्टोबर २०२३ हा दिवस उजाडावा लागला. त्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत समान कसे पोहोचेल, हा स्थापत्य अभियांत्रिकीचा जिवंत प्रश्न आहे. साखर कारखान्यांची धुराडी जिल्हाभर उभी आहेत. बगॅसवर चालणारे बाष्पक, सहवीजनिर्मिती, आसवन्यांचे सांडपाणी हे यंत्र, विद्युत आणि रसायन या तिन्ही शाखांचे विषय आहेत. पारनेर तालुक्यात कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरत आहेत. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे आणि तेथे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नगरला संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन संस्था आहे. लष्करी वाहनांची कठोर चाचणी घेणाऱ्या त्या संस्थेच्या कुंपणापासून आपली महाविद्यालये काही मैलांवर आहेत. ज्या नगरच्या औद्योगिक वसाहतीने कायनेटिकची लूना देशाच्या रस्त्यांवर आणली, तेथील कारखानदाराला आजही रोज नव्या अडचणी येतात. या अडचणी आणि आपले प्रबंध यांची गाठ का पडत नाही?

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे विद्यार्थी. त्यांनी आखलेले पाण्याने आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसले. त्यांच्या संशोधनाची मौखिक परीक्षा मुठेच्या पुराने घेतली आणि ती साऱ्या पुण्यासमोर झाली. त्यांच्या जन्मदिनी दरवर्षी अभियंता दिन साजरा करून हारतुरे घालणाऱ्यांनी हा धडा कधी घेतला आहे काय?

वादसभा आणि भाषा

प्रबंधाची जाहीर परीक्षा हे परदेशी खूळ आहे, असे कोणी समजू नये. स्वीडनमध्ये स्नातकोत्तर विद्यार्थी खुल्या सभेत आपले काम मांडतो आणि दुसरा विद्यार्थी प्रतिपक्ष म्हणून त्याला प्रश्न विचारतो. जर्मनीत प्रबंध कारखान्यात बसून करण्याची रीत रुळलेली आहे. पण त्यांच्याही आधी शास्त्रार्थाची परंपरा आपल्या देशात होती. पूर्वपक्ष मांडायचा, उत्तरपक्ष ऐकायचा आणि सभेसमोर सिद्धान्त ठरवायचा. विद्वत्ता सभेत सिद्ध व्हावी लागे, तिला कोंडलेली खोली चालत नसे. तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या अभ्यासक्रमात ‘तांत्रिक ज्ञानासाठी संस्कृत’ असा ऐच्छिक विषय आहे आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. परंतु त्या विषयाला श्रेयांक शून्य! संस्कृत नावापुरते यादीत ठेवण्यापेक्षा संस्कृत परंपरेतील वादसभा परीक्षेत आणली, तर तो परंपरेचा अधिक मोठा सन्मान ठरेल.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. प्रबंध इंग्रजीत असतो. जगातील शास्त्रज्ञांशी बोलायचे तर ते समजण्यासारखे आहे, त्याला आमचा विरोध नाही. परंतु ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवर प्रयोग केला, ज्या कामगाराच्या यंत्रावर मोजमाप घेतले, त्याला निष्कर्ष कोणत्या भाषेत सांगणार? याच जिल्ह्यातील नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेतील तत्त्वज्ञान मराठीत श्रोत्यांसमोर उलगडले. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी ब्रह्मविद्या मराठीत सांगता आली. मग बाष्पकाची कार्यक्षमता का सांगता येऊ नये? २०२१ पासून प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकीची पदवी देण्याची वाट देशात खुली झाली आहे. पदव्युत्तर प्रबंधाला चार पानांचा मराठी सारांश जोडणे त्यामानाने किती सोपे!

आक्षेपांना उत्तर

यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की प्राध्यापकांवर आधीच कामाचा डोंगर आहे. मान्यता, मूल्यांकन, अहवाल आणि पुन्हा अहवाल! हे खरे आहे. परंतु जाहीर मौखिकीला नवे कागद लागत नाहीत, एक सभागृह लागते आणि ते प्रत्येक महाविद्यालयात आहे. दुसरा आक्षेप असा की विद्यार्थी चारचौघांत घाबरतील. घाबरतील, जरूर घाबरतील! पण दोन वर्षांच्या अभ्यासानंतर जो आपल्या वर्गमित्रांसमोर आपले काम सांगू शकत नाही, तो उद्या ठेकेदारासमोर आणि मंत्र्यासमोर सत्य सांगेल, अशी अपेक्षा कशी करावी? तिसरा आक्षेप असा की कडक परीक्षा ठेवली तर विद्यार्थी प्रवेशच घेणार नाहीत. आजही कोठे घेत आहेत? सोपी केलेली पदवी शेवटी कोणालाच नकोशी होते, हे रिकाम्या बाकांनी सिद्ध केले आहे. चौथा आक्षेप उद्योगांच्या गोपनीयतेचा आहे. तो काही प्रबंधांपुरता खरा आहे आणि तेवढा भाग झाकून बाकीचे काम मांडता येते. चार प्रबंधांच्या गोपनीयतेसाठी चारशे प्रबंधांना पडदा कशाला?

काय करता येईल?

मागण्या साध्या आहेत. पहिली, प्रबंधाची अंतिम मौखिक परीक्षा जाहीर व्हावी. तिची तारीख, वेळ आणि विषय आठवडाभर आधी महाविद्यालयाच्या फलकावर लागावेत आणि ज्याला यायचे त्याला येता यावे. दुसरी, परीक्षक मंडळात एक सदस्य महाविद्यालयीन वर्तुळाच्या बाहेरचा असावा. तो जलसंपदा विभागातील अभियंता असेल, साखर कारखान्याचा मुख्य अभियंता असेल किंवा संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ असेल. तिसरी, मोजमापांची मूळ नोंदवही प्रबंधासोबत सादर व्हावी, कारण प्रयोग झाला की नाही हे नोंदवही सांगते. चौथी, प्रत्येक प्रबंधाला मराठी सारांश असावा आणि सर्व सारांश जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवावेत. पाचवी, जिल्ह्यातील संस्था, ग्रामपंचायती आणि कारखाने यांनी आपापले प्रश्न लिहून द्यावेत, त्यांची यादी दरवर्षी महाविद्यालयांसमोर ठेवली जावी आणि विषय निवडताना तिचा विचार व्हावा.

यांपैकी काही गोष्टींसाठी विद्यापीठाचा नियम बदलावा लागेल. परंतु सभागृहाचे दार उघडायला, मराठी सारांश लिहून घ्यायला आणि शेजारच्या कारखान्याला पत्र पाठवायला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने, एका विभागाने जरी पुढच्या निकालाआधी हे केले, तरी दुसऱ्यांना मागे राहणे कठीण जाईल. सुज्ञ पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनीही आपापल्या संस्थेला हा प्रश्न विचारला पाहिजे.

२०२४ साली या जिल्ह्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. जामखेड तालुक्यातील चौंडी हे त्यांचे जन्मगाव, आणि २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. त्यांनी देशभर बांधलेले घाट, विहिरी आणि बारवा आजही उभ्या आहेत. त्या कामांचे गुणपत्रक कोणत्या विद्यापीठाने दिले नाही. पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येक माणसाने ते रोज दिले आणि आजवर ते कायम राहिले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्यातील अभियंत्यांची परीक्षा लोकांच्या नजरेआड व्हावी, हे या नावाला शोभणारे नाही. दार उघडा आणि प्रबंधाला लोकांसमोर उभे राहू द्या. जो टिकेल, तोच पदवीला पात्र!